हवालदाराच्या गळ्यातली काळी

शालूबाईच्या घराला तिन्ही बाजूंनी ऊस आहे. चौथ्या बाजूला राजेश्वरीचं घर, मधे सामाईक विहीर आणि एक गाडीवाट. पलूसकडून येणारा रस्ता तिथून फार लांब नाही, पण ऊस वर आला की तो दिसत नाही. नुसता गाड्यांचा आवाज येतो, तोही वारा इकडचा असला तर. तोड होईपर्यंत शालूबाईला अंगण आणि अंगणावरचं आभाळ एवढंच दिसतं.

अंगणात कोंबड्या. मिरजेजवळच्या माहेराहून ती नांदायला आली तेव्हा आईनं जोंधळ्याच्या पिशवीत सात अंडी खुपसून दिली होती. एसटीत ती पिशवी तिनं मांडीवरून हलू दिली नाही. सातातून चार पिलं निघाली, चारही काळी, नख्यांपर्यंत काळी. त्याला आता चाळीस वर्षं झाली. नवरा जोतिबा साखर कारखान्यातून निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत गेला. मुलगा पुण्याला राहिला, सणाला येऊन जातो. अंगणातली काळ्यांची पिढी मात्र तुटली नव्हती. दुसऱ्या रंगाच्या कोंबड्याही तिच्याकडे असत, त्या ती कुणालाही देऊन टाकी. काळी कधी कुणाला दिली नाही.

मग हवालदार आला.

हवालदार हे कुत्र्याचं नाव. राजेश्वरीचा नवरा विश्वजीत फौजेत. सुट्टीवर आला असता कराडहून त्यानं हे पिल्लू आणलं आणि स्वतःला मिळायच्या आधीच तो हुद्दा कुत्र्याला देऊन टाकला, असं वस्तीवर हसून म्हणत. पिवळट रंगाचं, लांब तोंडाचं कुत्रं. वर्षभरात ते पट्ट्यातून मान काढायला शिकलं. भुंकत ते कधीच नसे. दुपारी, माणसं जेवून आडवी झाली की उसातून अंगणात येई, एका कोंबडीची मान मोडी आणि तिला तिथंच टाकून निघून जाई. खात नसे. दिवाळीपासून पाच गेल्या, त्यात काळा कोंबडाही होता.

पहिल्या दोन वेळा शालूबाई विहिरीवर टोमणा मारून गप्प बसली. ‘तुझा हवालदार ड्युटी करून गेला बघ,’ म्हणाली. राजेश्वरीनं पट्टा आवळला, दार लावून घेतलं, सासऱ्याच्या जुन्या धोतरानं त्याला खांबाला बांधून पाहिलं. काही चाललं नाही.

मार्गशीर्षात एका दुपारी शालूबाई दळण घेऊन परतली. अंगण शांत होतं. कोंबड्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या, एकही आवाज करत नव्हती. मधोमध काळी पडली होती, शेवटची काळी. बारा दिवसांची नऊ पिलं होती तिच्यामागं. हवालदार चार हात लांब बसून काळीकडं बघत होता. शालूबाईला पाहून तो उठलासुद्धा नाही.

पिलं कडब्याच्या गंजीखाली सापडली. नऊच्या नऊ. ती डालग्याखाली झाकून शालूबाई मेलेली काळी हातात घेऊन राजेश्वरीच्या दारात गेली.

तिच्या माहेरी यावर एक उपाय होता. कुत्र्याला कोंबडीची चटक लागली की त्यानं मारलेलीच कोंबडी त्याच्या गळ्यात बांधायची. सोडायची नाही, कापायची नाही. कुजून आपोआप गळून पडेपर्यंत कुत्र्यानं ती वागवायची. मग तो जन्मात कोंबडीकडं बघत नाही. आईनं दोनदा केलेलं तिनं लहानपणी पाहिलं होतं.

"बांधा आत्ती," राजेश्वरी म्हणाली. "पर त्याला मारू नगा. ह्यांनी लय जीव लावलाय त्याला."

"न्हाई मारत. पर काळी गळून पडली की कुत्रं हितनं जायचं. विश्वजीतला सांग तसं."

राजेश्वरीनं मान हलवली. त्याच संध्याकाळी फोनवर ठरलं, कराडचा विश्वजीतचा मित्र अमृत गाडी घेऊन येईल आणि हवालदाराला त्याच्या मळ्यावर नेईल.

शालूबाईनं सुतळीनं काळीचे पाय बांधले आणि ती हवालदाराच्या गळ्यात अडकवली. हवालदारानं मान पुढं केली. गाठ मारताना तिला आईचं आणखी एक बोलणं आठवलं. पिलाची कोंबडी बांधायची नाही. का, ते आई बोलली नव्हती आणि तिनंही विचारलं नव्हतं. तिचा हात थांबला. पण अंगणात मोडून पडलेली काळी डोळ्यांपुढं होती. तिनं गाठ आवळली.

पहिले दोन दिवस हवालदार वेड्यासारखा फिरला. भिंतीला अंग घासलं, विहिरीभोवती गरगरला. काळीचं मुंडकं त्याच्या पायांवर आपटत राही. तिसऱ्या दिवशी तो थांबला आणि वाटेच्या कडेला, उसाला पाठ लावून, शालूबाईच्या अंगणाकडं तोंड करून बसला.

पिलांनी तोवर काही खाल्लं नव्हतं. थंडी होती. तिनं डालग्यात पिवळा बल्ब सोडला होता, तर पिलं बल्बापासून लांब, डालग्याच्या काठाशी दाटीनं उभी राहत, सगळी एकाच बाजूला तोंड करून. ती बाजू वाटेची आहे हे तिच्या नंतर ध्यानात आलं.

कणी घालायला तिनं डालगं उचललं. पिलांनी कणीकडं पाहिलं नाही. एकामागं एक ओळीनं ती अंगण ओलांडून वाटेवर गेली आणि हवालदाराच्या पुढ्यात थांबली. शालूबाई काठी घेऊन धावली. ती पोचेपर्यंत हवालदार हळूच पोट टेकून बसला होता. त्याच्या छातीशी काळीचे पंख पसरले होते आणि पिलं एकेक करून त्या पंखांखाली शिरत होती. नववं शिरलं आणि पिलांची चिवचिव बंद झाली.

हवालदार हलला नाही. शालूबाईकडं बघत राहिला.

तिनं हात घालून त्या थंड पंखांखालून एकेक पिलू ओढून काढलं. तळहाताला वास लागला, तो राखेनं घासूनही जाईना. दुसऱ्या दिवशी डालगं उचललं तर पुन्हा तेच. फरक एवढाच, की त्या पंखांखाली काही वेळ बसून उठली की पिलं दाणे टिपत. न जाऊ दिली तर टिपत नसत. मग तिनं ओढून काढणं सोडलं. सकाळी सोडायची, दिवे लागायच्या वेळी आणायची. आणताना हवालदार मान उचलून तिला वाट करून देई.

वास दोन्ही घरांत शिरला. राजेश्वरी विहिरीवर पदर नाकाला लावून आली.

"आत्ती, कापा आता ते. पोरगी जेवंना झालीया."

"कापायचं नसतं."

"पिलाची बांधायची तरी असती व्हय? माझी आजीबी सांगायची."

शालूबाईनं बादली ओढून घेतली. रात्री तिला झोप लागली नाही. आईला कारण माहीत होतं का, हेच ती घोळवत राहिली. माहीत होतं, तर कुणाच्या अंगणात पाहिलं होतं?

नवव्या दिवशी हवालदार आला तेव्हा त्याचा गळा मोकळा होता. सुतळीचा वळ तेवढा होता, केस गेलेला. काळी कुठं गळून पडली ते कळलं नाही. शालूबाई उसाच्या कडेनं बरंच शोधत फिरली, एक पीससुद्धा मिळालं नाही. तिनं सुस्कारा सोडला. आता पिलं फिरकणार नाहीत असं तिला वाटलं. पण डालगं उचलताच पिलं त्याच्याकडं गेली, आणि जिथं पंख असायचे तिथं, त्याच्या मानेखाली, शिरली.

राजेश्वरीनं कराडला फोन केला. रविवारी अमृत जीप घेऊन आला. साखळी, तोंडाला बांधायला फडकं, सगळं घेऊन आला होता. ऊन चढलं होतं. शालूबाई पिलं गोळा करायला वाटेवर निघाली आणि तेवढ्यात अंगणावरून घारीची सावली फिरली. कोंबड्या ओरडत खुराड्याकडं पळाल्या. पिलं हवालदाराकडं पळाली.

त्यानं पुढचे पाय पसरले, पोट जमिनीला टेकवलं, मान खाली घेतली. नऊही आत गेली. घार अगदी खाली येऊन वळली. आणि हवालदाराच्या नरड्यातून आवाज आला. गुरगुरणं नव्हे. बारीक, तुटक, आत ओढल्यासारखं कुर्र कुर्र. पिलांना पोटाशी घेताना काळी काढायची तो. चाळीस वर्षं हा आवाज शालूबाईच्या कानांत होता, तिला तो दुसऱ्या कशाचा वाटणं शक्य नव्हतं.

घार निघून गेली. अमृत साखळी हातात घेऊन उभाच राहिला.

"कुत्र्याला काय झालंय?" त्यानं विचारलं.

राजेश्वरी शालूबाईकडं बघू लागली. कुत्रं गेलं पाहिजे हे शालूबाईचंच बोलणं होतं. गेलं तर पिलं दाणा टिपणार नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. आणि ही नऊ गेली की काळ्यांतलं काही उरत नव्हतं.

"चहा घिऊन जावा तुमी," शालूबाई अमृतला म्हणाली. "कुत्रं ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी ती पिलं आणायला गेली नाही. डालगं अंगणात पालथं न घालता उताणं ठेवलं, त्यात जुनं पोतं अंथरलं आणि उंबऱ्यात बसली. हवालदाराकडं पाठ करायची नाही एवढं तिनं ठरवलं होतं. ऊस काळा पडत गेला. हवालदार वाटेवरून आला, मागं ओळीनं पिलं. तो डालग्यात चढला, गोल फिरून बसला. पिलं आत गेली.

शालूबाई उठली. दार लावताना तिला तो आवाज पुन्हा ऐकू आला, कुर्र कुर्र. खुराड्यातल्या कोंबड्यांनी आतून त्याला हलकीशी साद दिली. तिनं कडी घातली, आणि हात कडीवर तसाच ठेवून उभी राहिली.