सुमनबाईंनी परत केलेल्या डब्या

सुमनबाई गेल्याची बातमी शाळेच्या फोनवर आली आणि सांगणाऱ्यानेच लगेच विचारलं, "बाई खर्रा खात होत्या का हो?" फुप्फुसाचा कॅन्सर म्हटलं की आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा तो खर्राच तेवढा सुचतो. नागपूरच्या डॉक्टरांनीही तेच विचारलं होतं. मार्कंड्याजवळच्या आमच्या गावात उभं आयुष्य अंगणवाडी चालवणाऱ्या या बाईने साधी सुपारीही कधी तोंडात टाकली नाही. महिना उलटला तरी माझा राग उतरलेला नाही, आणि त्यातला बराचसा माझ्यावरच आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका कॉलेजचे दोन संशोधक गावात आले. इथल्या खडकातून रेडॉन नावाचा वायू निघत असावा, त्याला ना रंग ना वास, बंद घरात तो साठतो आणि वर्षानुवर्षं श्वासातून जाऊन फुप्फुसाला बाधतो, असं त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात बसून मला, गावच्या मास्तराला, समजावलं. गावाला नाही. मोजणीसाठी घरोघरी प्लास्टिकच्या लहान डब्या टांगायच्या होत्या, आत फिल्मचा तुकडा चिकटवलेला. तीन महिने हात लावू नका, एवढंच मी दारोदार सांगत फिरलो. कशासाठी, असं सुमनबाईंनी विचारलं होतं. सरकारी मोजमाप आहे म्हणून मी मोकळा झालो... आमच्याकडे बिबट्याच्या भीतीने दिवेलागणीलाच खिडक्या बंद होतात. त्यांच्या घरात तर दिवसा गावची पोरंही असायची, कारण अंगणवाडीला वेगळी खोलीच नव्हती. त्या बाईला खरं कारण सांगायला मला किती वेळ लागला असता?

तीन महिन्यांनी पाहुणे डब्या न्यायला येणार असं कळलं. आदल्या दिवशी बायकांनी त्या उतरवल्या, आतली फिल्म कचरा समजून खरवडली, राखेने घासून डब्या लख्ख केल्या आणि प्रत्येकीने आपल्या डबीत मूठभर तांदूळ घातले. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायची आमच्याकडे रीत नाही. सुमनबाईंनी सगळ्या डब्या सुपात मांडून पाहुण्यांपुढे ठेवल्या. ते दोघे पोट धरून हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो.

मग एकाने बायकांना वायूचं सांगितलं. सुमनबाई त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलल्या. "एवढी गोष्ट पयले सांगतली असती त आमी हात तरी लावला असता का, भाऊ?"

पुन्हा डब्या लावा म्हणून त्यांनी पाहुण्यांना विनवलं. नमुने वाया गेले, आता दुसरं गाव बघू, असं म्हणत जीप निघून गेली. पुढे सुमनबाईंनी माझ्याकडून त्या कॉलेजला पत्रं लिहून घेतली, उत्तर एकाचंही आलं नाही. अडाणी कोण होतं मग? तांदूळ घालणाऱ्या बायका, की शिकून-सवरून तोंड न उघडणारे आम्ही?

त्या वायूनेच त्या गेल्या असं मी म्हणत नाही. म्हणता येत नाही, हीच चीड आहे. कोणी मोजलंच नाही.

तेरवीनंतर त्यांच्या घरी गेलो. पोरांचं वजन करायचा काटा अजून आढ्याला लटकतो. त्याखाली त्यांची सून तान्ह्या मुलीला घेऊन बसली होती.

"आत्याबाई सांगत होत्या, ह्या घरात वायू असन म्हणून," ती म्हणाली. "पोरीले इथी ठेवू का नको, गुरुजी?"

मी उठून खिडकी तेवढी उघडली. बाहेर अंधारायला लागलं होतं, बिबट्याची वेळ. तिने बाळाला खाली ठेवलं, खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली.