आज बाटली नको, नाना

नाना गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने असोद्याहून केला, तेव्हा मी प्रयोगशाळेतच होते. वाईट वाटलंच, पण खोटं कशाला बोलू... त्यामागोमाग मनात आलं, बरं झालं, माफी मागून झाली होती.

नाना आमच्या जळगावच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई. मी तिथे पीएच.डी.साठी सूत्रकृमी वाढवते, डोळ्यांना जेमतेम दिसणारे. नाना त्यांना 'अय्या' म्हणत, म्हणजे अळ्या. मग आम्हीही अळ्याच म्हणू लागलो. त्यांच्यात मी बाहेरचं एक जनुक घातलं होतं. पण उन्हाळा सरला आणि त्या वाढेचनात. तीन दिवसांत मोठ्या व्हायच्या, त्यांना पाच लागू लागले. माझ्या जनुकानेच त्या खंगत असतील, तर सगळं संशोधन पाण्यात! खाद्य बदललं, प्लेटा बदलल्या, बुरशी शोधली... काही नाही. प्लेटा ज्यात ठेवायच्या, त्या इनक्युबेटरवरचं तापमान रोज अगदी बरोबर.

मग नाना चार दिवस बहिणीकडे पाचोऱ्याला गेले आणि अळ्या भराभर वाढल्या. ते परतले, अळ्या पुन्हा मंदावल्या. माझं डोकंच फिरलं. नानांच्या घरी कपाशी, जन्मभर अळ्या मारलेल्या. सगळ्यांसमोर मी बोलून बसले, "नाना, कपाशीचा राग माझ्या अळ्यांवर काढताय का?"

ते खाली वाकले. मग इनक्युबेटरच्या खालच्या खणातून, प्लेटांच्या मागून, त्यांनी बर्फाची बाटली काढून माझ्यापुढे धरली.

"ताई, मी तं येवढंच करतो. मे महिन्यात लाइट जायची तवा तुमीच सांगतलं व्हतं, रोज सकायी बाटली ठेवत जा. बंद करा म्हून कोनी सांगतलंच नाही."

तापमान मोजलं जायचं वरच्या खणात, बर्फ खाली, अळ्यांशेजारी. अळ्या नुसत्या गारठल्या होत्या. जनुक निर्दोष, नाना निर्दोष, चूक माझी! सुटल्यासारखं वाटून मला हसू आणि रडू एकदमच आलं. तिथेच, सगळ्यांसमोर, मी त्यांची माफी मागितली.

"जाऊ द्या, ताई," ते म्हणाले. "आतापरेंत अय्या मारल्या, तुमच्यामुये पोसाले शिकलो."

पुढे रोज सकाळी ते विचारत, "ताई, आज बाटली ठेवू का नको?" ही चेष्टा आहे, हे कळायला मला महिना लागला.

बाटली अजून खिडकीत आहे, रिकामी. आज सकाळी इनक्युबेटर उघडला. अळ्या छान मोठ्या झाल्यात. कोणी विचारलं नव्हतं, तरी मी सांगून टाकलं, "आज नको, नाना."