कोणता उंच?

हिंगणघाटात हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे मी वर्षभर खेटे घालत होतो. सूर आणि कान यांवर त्याच्या मास्तरांनी केलेल्या प्रयोगांची एकुलती एक वही त्याच्यापाशी होती; ती मला हवी होती. पितळी रीडवर कानस फिरवत तो दर वेळी म्हणे, "पाहू ना, काऊन घाई करता?"

परवा त्यानं वही काढली, पण मांडीखाली दाबली. पाठ फिरवून एक रीड फुंकली, थांबला, पुन्हा फुंकली.

"कोनता सूर उंच?"

चुकलो तर वही गेली. मी म्हणालो, "दुसरा. केसभर."

"एकच रीड होती. दोनदा फुंकली."

मी उठलो, तर त्यानं वही पुढं केली.

"पयलं पान वाचा, हाच प्रयोग हाय. मास्तरायनं मलेबी असंच पकडलं होतं. मी 'पयला' म्हनलो होतो."