तिचा भाऊ

काका हात वर करायचे. पंजा आमच्याकडे, बोटं ताठ, चौकातला हवालदार गाड्या थांबवतो तसा. की बेसमेंटमधली सगळी कुजबुज बंद. "आता फक्त तिचे डोळे बघा," ते म्हणायचे, आणि लहानथोर सगळे तिचे डोळे बघायला लागायचे.

आम्ही नागपूरहून ग्वेल्फला आलो तेव्हा हे काका आमच्या शेजारी राहायचे. साठच्या दशकाच्या शेवटी कॅनडात आलेल्या मंडळींपैकी, विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बोलायचा भारी कंटाळा. स्नो पडला की माझ्या नवऱ्याच्या आधी उठून आमचाही ड्राइव्हवे साफ करून मोकळे, आणि आभार मानायला गेलं तर "हं" म्हणून दार लावायचे. असा माणूस फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी पाच-सहा मराठी कुटुंबांना घरी बोलावून सिनेमा दाखवतो हे ऐकून मला वाटलं, असेल एखादी मातीवरची डॉक्युमेंटरी.

निघाला हॉलिवूडचा जुना, काळापांढरा प्रेमपट. दरवर्षी तोच. आणि डीव्हीडी लावली की काका आधी काय करायचे, तर टीव्हीचा आवाज बंद. मग टीव्हीच्या बाजूला उभं राहून अख्खा सिनेमा ते स्वतः मराठीत बोलायचे.

अख्खा म्हणजे अख्खा. नायिका, तिचा नवरा, घरमालकीण, बोटीचा कप्तान. पाऊसही तेच आणि दाराची करकरही तेच. नायिकेसाठी ते आवाज बारीक नाही करायचे, फक्त हळू बोलायचे, आणि तुम्हाला सांगते, त्या पांढऱ्या मिशांच्या माणसातून ती बाईच बोलतेय असं वाटायचं. पहिल्या वर्षी माझ्या हातातली साबुदाण्याची खिचडी गार झाली तरी मला पत्ता नव्हता. एवढं बोलणं हा माणूस वर्षभर ठेवतो कुठे, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

गोष्ट तशी साधी. बंदराच्या गावात पियानो दुरुस्त करणारा एक माणूस. बायको सुंदर. एक दिवस बोटीतून गणवेशातला राजबिंडा पुरुष उतरतो, त्याला बघून बायको पांढरी पडते, आणि नवऱ्याच्या पोटात मत्सर शिरतो. तो तिच्या मागे मागे फिरतो, झोप उडते, हातातलं काम बिघडतं. शेवटी स्वतःच तिची बॅग उचलून तो तिला धक्क्यावर सोडायला जातो. बोट निघून जाते, धूर विरतो, आणि ती तिथेच उभी असते.

तर तो राजबिंडा बोटीतून उतरला की काका हात वर करून सांगायचे, "हा तिचा भाऊ."

पहिल्या वर्षी हे ऐकून मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने छताकडे. पडद्यावर त्या भावाने बहिणीचा हात ज्या रीतीने धरला होता, तसा आमच्या नागपुरात तरी कुणी धरत नाही. माझी लेक मोठ्याने म्हणाली, "बट ही इज सो नॉट हर ब्रदर!"

"त्यांच्यात असतं तसं," काका शांतपणे म्हणाले. "आणि तो भाऊ आहे हे नवऱ्याला माहीत नाही. गंमत तिथेच आहे."

आणि खरोखर, पुढचा सगळा सिनेमा त्यांनी त्या भावाच्या आधारावर उभा केला. कुठे अडखळणं नाही, कुठे सांधा दिसत नाही. काकांच्या मराठीत तो भाऊ बहिणीला घरी चल म्हणत होता, आई आजारी आहे सांगत होता, आणि ती नवऱ्याला टाकून कशी येऊ म्हणून रडत होती. मी नंतर तो सिनेमा आवाजासकट पाहिला. काकांचा जास्त चांगला आहे.

हे सगळं काकूंसाठी चालायचं. त्या पहिल्या खुर्चीत संत्री सोलत बसलेल्या असत. लग्न होऊन इथे आल्या त्या पहिल्या हिवाळ्यात काका त्यांना जुने सिनेमे लागणाऱ्या थिएटरात हाच सिनेमा दाखवायला घेऊन गेले होते. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून काका कानाशी लागून मराठीत सांगत होते. तीच रीत पुढे बेसमेंटमध्ये आली. मधल्या काळात काकूंनी पब्लिक लायब्ररीत वर्षानुवर्षं नोकरी केली, गोऱ्या लोकांना इंग्रजी कादंबऱ्या सुचवल्या. पण काकांचं म्हणणं एकच, "तिला जुन्या सिनेमातलं इंग्रजी कळत नाही."

मग एका हिवाळ्यात काकांचा आवाज बसला. सर्दी आहे म्हणत त्यांनी दिवस काढले. निघाला घशाचा कॅन्सर. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढायचं ठरलं. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता.

त्याच आठवड्यात ते आमच्या ड्राइव्हवेवर फावडं टेकवून उभे दिसले. मी चहा घेऊन गेले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आवाज जायच्या आत तिला एकदा खरं सांगायचंय."

"काय खरं, काका?"

त्यांनी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून घेतलं. "तो भाऊ नाही."

मला हसू आवरेना. "मग भाऊ म्हणालात कशाला?"

"नवीन लग्न. तो देखणा उतरला आणि ही डोळे एवढे मोठे करून विचारते, अहो, हा कोण? मला ते बघवेना. तोंडातून निघून गेलं, तिचा भाऊ." ते दम घ्यायला थांबले. "एकदा म्हटलं की निभवावं लागतं. जन्मभर फसवलं मी तिला. आता ती काय म्हणेल?"

चहाला हातही लावला नाही त्यांनी. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

ऑपरेशनच्या आधीचा तो रविवार. आवाज जागोजागी फाटत होता, पण काका बसले नाहीत. बोट धक्क्याला लागली, राजबिंडा उतरला. काकांनी हात वर केला आणि दुसऱ्या हाताने रिमोट दाबून सिनेमा थांबवला.

"अगं," ते फक्त काकूंकडे बघत म्हणाले, "हा तिचा भाऊ नाही."

काकू संत्र्याच्या शिरा काढत होत्या. "मग कोण?"

"तिचं आधी प्रेम होतं याच्यावर."

"अस्सं. आणि मला भाऊ म्हणून सांगितलंत."

"तू फार बघत होतीस त्याच्याकडे."

"मी त्याच्या टोपीकडे बघत होते," काकू म्हणाल्या. "चालू करा आता. आधी ही फोड खा, घसा ओला होईल."

सगळं बेसमेंट हसलं. काकाही हसले, आणि मग उरलेला सिनेमा त्यांनी पहिल्यांदा खरा सांगितला. धक्क्यावर तो नवरा म्हणतो, "तुला जायचं असेल तर जा, बॅग मी उचलतो." तिथे काकांचा आवाज निघेचना. नुसते ओठ हलले. मी आयुष्यात पुष्कळ नाटकं बघितली आहेत, पण एवढं मोठं काम कुणाचं बघितलेलं नाही.

नंतर भांडी आवरताना मी काकूंना विचारलं, "खरंच माहीत नव्हतं तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? भावाला बघून कुणी अशी पांढरी पडते का?" त्या नळ बंद करत म्हणाल्या. "पण परका देश, आणि हे असे अबोल. मी यांना आवडते की नाही, कळायला मार्गच नव्हता गं. त्या थिएटरात कळलं. ते मी कशाला मोडू?"

ऑपरेशननंतर काका आणखी काही हिवाळे होते. बोलू शकत नव्हते, पण फेब्रुवारीतला रविवार चुकला नाही. काका पहिल्या खुर्चीत बसायचे आणि टीव्हीशेजारी काकू उभ्या राहायच्या. बोट लागली की पंजा वर करून ठसक्यात सांगायच्या, "हा तिचा भाऊ." काका जोरजोरात मान हलवून नाही नाही म्हणायचे, आणि आवाज न करता इतके हसायचे की डोळ्यांतून पाणी यायचं.

ते गेले त्यानंतरच्या फेब्रुवारीत काकूंनी कुणाला बोलावलं नाही. मी आपली डबा घेऊन गेले, तर त्या बेसमेंटमध्ये होत्या. डीव्हीडी चालू होती, सवयीने आवाज बंद केलेला. मी शेजारी बसले. बोट लागली, गणवेशातला तो माणूस उतरला. काकूंनी चष्मा नीट केला आणि पुढे वाकून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"खरंच देखणा आहे गं हा," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत नीट बघितलाच नव्हता. थिएटरातसुद्धा नाही. हे सांगायला लागले की मी यांच्याकडेच बघत बसायचे."