पंधरा दिवसांनी तेच प्रश्न

माझा जन्म परभणीतला, पण घरची बोली पंजाबी. वडिलांचं इथं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून ताणतणावाची एक प्रश्नावली पंजाबीत आणून पारखायचं काम माझ्याकडे आलं. एका प्रश्नात 'मनावर दडपण येतं का' असं होतं. त्याला पुस्तकी शब्द बसेना. शेवटी आईच्या तोंडचा लिहिला, 'दिल घटदा ए?' काळीज बसत जातं का, असं काहीसं. त्या शब्दावर मी फार खूश होते.

गव्हाच्या काढणीला पंजाबातून हार्वेस्टर घेऊन ड्रायव्हर येतात. त्यांनाच विचारायचं ठरलं. पंधरा दिवसांनी त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तरं जुळली तर प्रश्नावली भरवशाची.

बोरी गावात पन्नाशीचे एक ड्रायव्हर भेटले. त्यांना वाचता येत नव्हतं, मी प्रश्न वाचून दाखवत होते. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, कधीच नाही. माझ्या लाडक्या प्रश्नाला मात्र ते थांबले.

"रोज, भैणजी," ते म्हणाले. "सकाळी डोळा उघडला की वाटतं, कशाला उघडला."

लाज वाटते सांगायला, पण आधी माझ्या मनात आलं ते हेच, की शब्द लागू पडला.

मग भानावर आले. आमच्यात भावाला म्हणतात तसं म्हटलं, "वीरजी, उद्या सरकारी दवाखान्यात या. डॉक्टरांना भेटू, मी सोबत असेन." चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी होते. ते आले नाहीत. त्यांचं मशीन पुढच्या गावी, वालूरला गेल्याचं कळलं. त्या आठवड्यात कॉलेजात परीक्षा होत्या. मी गेले नाही.

गेले ती पंधरा दिवसांनी, फॉर्म घेऊन. मशीनवर दुसराच माणूस बसला होता. बांधावरचे शेतकरी म्हणाले, "त्यो गेला की, मॅडम. लय गप गप ऱ्हायचा. घरी जातो म्हणला अन् परभणीला गाडीत बसला. आठ दिस झाले."

फॉर्मवर त्यांनी घरचा नंबर दिला होता. तिथूनच लावला. एका बाईंनी उचलला, त्यांच्या पत्नी होत्या. मी परभणीची मास्तरीण आहे म्हटल्यावर त्या घाईघाईनं म्हणाल्या, "ते तिकडे परभणीतच आहेत ना? अजून घरी आले नाहीत."

मी नाही म्हटलं. चिठ्ठीचं सांगितलं, पोलिसांत कळवा म्हटलं. त्या रडत होत्या.

दुसरी मुलाखत नाही, म्हणून तो फॉर्म बाद करायला वरून सांगण्यात आलं. मी केला. बाकीच्यांची उत्तरं चांगली जुळली, प्रश्नावली मंजूर झाली.

त्या बाई काही दिवस फोन करत राहिल्या. "ते काय म्हणाले होते तुम्हाला?" एवढंच विचारायच्या. मी दर वेळी म्हणायचे, काही विशेष नाही. पुढे त्यांचे फोन येणं बंद झालं. मीही कधी लावला नाही.