रहिमानचाचांचा गज

उद्या आपला वीरधवल आजोबांच्या बंदुकीत दारू भरणार, आणि त्या नळीत आधीचाच बार ठासलेला असला तर? संयोगिताच्या मनातून हे काही केल्या जाईना. सांगलीच्या घरात धाकटी लेक रेश्मा तापानं फणफणली होती. तिच्या कपाळावरची ओल्या फडक्याची घडी बदलतानाही संयोगिताला दिसत होती ती वडूजच्या घरातली ठासणीची बंदूक. आज खंडेनवमीची पूजा झाली असणार. उद्या दसऱ्याला गाव सोनं लुटायला शिवेवर निघालं की तिचा बार काढायचा. दरवर्षी तो मान सासऱ्यांचा, हंबीररावांचा. यंदा हात कापतो म्हणून त्यांनी तो नातवाला दिला, आणि फौजेतून सुट्टीवर आलेलं पोरगं हुरळून गेलं.

इतकी वर्षं तिला ही काळजी नव्हती, कारण रहिमानचाचा होते.

उंब्रजच्या बाजारपेठेमागं त्यांचं दुकान. परवाना वडिलांपासूनचा. तिथं तयार बंदूक कधी टांगलेली नसायची; आधी माणूस यायचा, मग त्याच्या मापानं बंदूक. चाचा गिऱ्हाइकाला उन्हात उभं करून म्हणायचे, "डोळं मिटा. लावा खांद्याला. आता उघडा." डोळा उघडताच नळीच्या टोकावरचा मणी समोर सरळ आला तर खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता जमला, नाहीतर पुन्हा कानस. हंबीररावांचा दस्ता काही केल्या जमेना तेव्हा ते म्हणाले होते, "सुभेदार, लाकूड मी कितीबी तासंन, पर तुमची मान पलटनीतच ताठली. तिला कानस कशी लावू?" सासूबाई, सुलाबाई, हे अजून तोंडाला पदर लावून सांगायच्या.

बंदूक दिली म्हणजे चाचांचं काम संपलं असं नव्हे. नवरात्र बसलं की ते एसटीनं गावोगाव निघायचे. आपण केलेल्या प्रत्येक बंदुकीच्या नळीत आधी गज, म्हणजे बार ठासायची लांब सळई, सोडायचे, मग पूजा. लोक म्हणत, म्हातारा दसऱ्याच्या पोस्तासाठी, चार पैशांसाठी हिंडतोय. चाचा हसून चहा मागायचे.

संयोगिता नवी नवरी असतानाची गोष्ट. चाचांनी गज सोडला आणि तिला जवळ बोलावलं. "सूनबाई, गजावरची ही खाच बघा. नळीच्या तोंडाबरोबर आली म्हंजी बंदूक रिकामी. वर ऱ्हायली म्हंजी पोटात काय तरी हाय." खाच बोटभर वर होती.

"रिकामीच हाय ती!" हंबीरराव गरजले. "ठिणगीची टोपी कवाच काढलीया."

गजाला मळसूत्री आकडा लावून चाचांनी चिंधी, छर्रे, दारू अलगद बाहेर काढली, कागदात गुंडाळून खिशात घातली आणि बंदूक पाटावर ठेवली. जाताना अंगणात हळूच म्हणाले, "घोड्याखालची टोपी काढली की मानसं रिकामी समजत्यात. त्यावर दुसरा बार ठासला तर नळी फुटती, पोरी. हात जातो, डोळा जातो. सुभेदारांना चारचौघांत बोलायचं न्हाई, पर ध्यान ठेवायचं."

उन्हाळ्यात चाचा गेले. यंदा कुणीच आलं नव्हतं.

आणि मघाशी फोनवर सुलाबाई सहज बोलून गेल्या होत्या, "पावसाळ्यात मक्यात डुकरं आली म्हनून ह्यांनी बंदूक भरून नेली. कुटली डुकरं! तसंच माघारी आलं."

तसंच माघारी, म्हणजे बार न काढता. संयोगितानं लगेच वीरधवलला फोन लावला.

"आई, टोपी नाहीये तिच्यावर. मी बघितली ना."

"टोपीचं नको सांगूस. गज घालून बघ."

"आजोबांसमोर? ते म्हणतायत, मक्यातच बार काढला. बंदूक पाटावर आहे, अख्ख्या भावकीसमोर मी गज घातला म्हणजे म्हातारा खोटा ठरला. आणि मी फौजी आहे गं, बंदूक मला कळत नाही होय?"

"ही तुझ्या पलटणीतली नाही."

"तू रेश्माकडं बघ," तो हसला आणि फोन ठेवला.

तिनं गज घालायला सांगितला तर हंबीरराव जेवणावरून उठतील. वीरधवल त्यांचा मान मोडणार नाही. एकट्या चाचांनी गज घातला तरच त्या घरात कुणाचा अपमान होत नसे. आता राहिला त्यांचा मुलगा अफताब. तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, पण बापाच्या हाताखाली आकडा चालवायला शिकला होता. चाचा गेल्यावर ती भेटायला गेली, तेव्हा आपल्या आईच्या, मेहरुनबीच्या शेजारी बसलेला अफताब म्हणाला होता, "वैनी, हितून पुढं बंदुकीचं नाव घिऊन कुनी येऊ नगा. लोकांच्या पोरांच्या काळजीत अब्बा आमच्यात कवा बसलंच न्हाईत."

आता सणाच्या तोंडावर त्याला उंब्रजहून वडूजला धाडायचं, तेही त्यानं नको म्हटलेल्या कामासाठी. तो चिडेल. नाही म्हणेल. पण चाचांचा मुलगा गज घेऊन दारात उभा राहिला, "अब्बांची रीत हाय" एवढंच म्हणाला, तर हंबीरराव स्वतः उठून बंदूक त्याच्या हातात देतील.

रेश्माच्या कपाळावरची घडी तिनं पुन्हा ओली केली, हात पदराला पुसले आणि अफताबचा नंबर लावला.