न तपासलेला पाय

आमच्याकडे येणाऱ्या माणसाला शेक लागला पाहिजे. तुम्ही त्याचा आखडलेला सांधा मोकळा करून द्या, चालण्याची ढब सुधारा, घामाघूम होऊन व्यायाम शिकवा, तरी घरी जाऊन तो सांगणार की आज बाईंनी काही केलंच नाही, नुसते हातपाय हलवायला लावले. आणि नुसता शेक दिला, त्यातही चांगला चरचरीत दिला, की बाई हुशार. धुळ्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरीला लागून मला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. लोकांची ही नाडी मला सापडली होती आणि तिचा मला गर्वही झाला होता.

मी मूळची भुसावळची, रेल्वे कॉलनीत वाढलेली. स्वभाव पहिल्यापासून घाईचा. आई म्हणायची, हिला दूध तापवायला सांगितलं तर ही कोमटच खाली उतरवेल. कॉलेजात असताना या घाईबद्दल बोलणी खाल्ली, पण नोकरीत त्याच घाईचं कौतुक व्हायला लागलं. बाहेर बाकावर आठ-दहा माणसं बसलेली असायची आणि मी भराभर हातावेगळी करायची. दवाखान्याचे मालक म्हणजे आमचे सर, ते हाडांचे डॉक्टर. "तुम्ही आल्यापासून गर्दी तुंबत नाही," असं ते चारचौघांत म्हणाले होते. त्या दिवशी मी घरी दोनदा फोन करून ते वाक्य सांगितलं.

नवीन पेशंट आला की एक तक्ता भरावा लागे. शुगर आहे का, बीपी आहे का, हृदयात यंत्र बसवलंय का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, हाडात पट्टी टाकली आहे का, असं एकाखाली एक. विचारल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, म्हणून हा तक्ता. शेवटी शेवटी एक रकाना होता, "संवेदना". शेक देण्याआधी त्या जागेला गरम-थंड कळतं की नाही, हे बघायचं असतं. अवघड काही नाही. दोन काचेच्या नळ्या घ्यायच्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. पेशंटला डोळे मिटायला सांगायचं, कधी ही टेकवायची, कधी ती, आणि विचारायचं. पाच मिनिटांचं काम. त्या नळ्या माझ्या कपाटात होत्या आणि त्यांच्यावर धूळ होती.

अक्का आल्या त्या एप्रिलमध्ये. साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या, साठी ओलांडलेल्या, काटक, अंगानं वाळलेल्या आणि बोलण्यात एकदम ताज्या. टाच दुखत होती. मुलगा मोटरसायकलवरून आणून सोडायचा आणि बाजारातली कामं उरकायला जायचा. मी तक्ता पुढे घेऊन विचारलं, "अक्का, शुगर आहे का?"

"गोई चालू शे," त्या म्हणाल्या. "मंग शुगर कशी ऱ्हाई?"

गोळी चालू आहे म्हणजे शुगर गेली, असा त्यांचा सरळ हिशेब. मला हसू आलं. इथे थांबून पुढचं विचारायला हवं होतं. किती वर्षं गोळी चालू आहे, पायाला मुंग्या येतात का, चप्पल पायातून निसटली तर कळतं का. जुनी शुगर असलेल्या माणसाच्या तळपायाची जाणीव हळूहळू विझत जाते, हे मी परीक्षेत दोन पानं भरून लिहिलेलं होतं. पण बाहेर गर्दी होती. मी "शुगर, औषध चालू" एवढं लिहिलं आणि खालच्या सगळ्या रकान्यांवरून एकच रेघ ओढून शेवटी "नॉर्मल" लिहिलं. खाली सही केली. सही मात्र नीट, वळणदार.

शेकासाठी आमच्याकडे मातीनं भरलेल्या जाड कापडी पिशव्या होत्या, त्या उकळीच्या जवळपास तापलेल्या पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या असत. पिशवी काढायची, टॉवेलच्या सहा घड्यांत गुंडाळायची आणि दुखऱ्या जागी लावायची. पहिल्या दिवशी मी सहा घड्या केल्या. अक्कांनी त्यावर पाय ठेवला आणि दोन मिनिटांनी म्हणाल्या, "बाई, हाई काय तपत नही."

"तपेल, थांबा जरा."

"काय तपी? आम्ही वैशाखमा वावरमा उघडा पायवरी फिरतस. हाई तुमना टॉवेल काढी टाका."

शेजारच्या पलंगावर कंबर शेकत पडलेले मास्तर हसले. मीही हसले आणि दोन घड्या कमी केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या खोलीत इतर लोक "बाई, चटका बसतोय" म्हणून ओरडायचे आणि अक्का त्यांची टर उडवायच्या. "शहरना लोके पापडना शेतस," म्हणायच्या. सगळ्यांची करमणूक व्हायची. मला त्या बाईचा अभिमान वाटायला लागला होता. आमचं खानदेशी ऊन, तापलेली जमीन, त्यावर रापलेले ते पाय. मी मनातल्या मनात त्यांची गोष्ट रचत होते आणि समोर पायच दिसत नव्हता. चौथ्या दिवशी पिशवीवर टॉवेलची एकच घडी होती. अक्का पायाचा सगळा भार टाकून वीस मिनिटं त्यावर बसल्या आणि मास्तरांना मुंजीच्या थाटात झालेल्या नातवाच्या वाढदिवसाची हकीकत सांगत राहिल्या. पाय काढला तेव्हा तळवा लाल दिसला. शेकानंतर लाल दिसतंच, असं म्हणून मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तीन दिवसांनी मुलगा त्यांना हाताला धरून घेऊन आला. पायाला फडकं गुंडाळलेलं होतं. घरात झाडताना सुनेला फरशीवर ओले डाग दिसले होते, ते सासूच्या पावलांचे निघाले. फडकं सोडलं तर तळव्याच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपर्यंत, फोड येऊन फुटलेला. आत लालभडक मांस. वासही यायला लागला होता. अक्कांना काही दुखत नव्हतं. त्या फोडाकडे अशा बघत होत्या, की जणू तो दुसऱ्या कुणाचा पाय आहे.

सर आले. त्यांनी पाय पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मुलगाही माझ्याकडेच बघत होता. आता जे मी बोलले, ते आठवलं की आजही मला कानशिलं तापल्यासारखी होतात. मी म्हणाले, "अक्का, एवढा चटका बसेपर्यंत तुम्ही सांगायला नको का? टॉवेल काढा, टॉवेल काढा म्हणून तुम्हीच मागे लागला होतात."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या अशा असतात.

मुलगा आईवर उखडला. "माय, तुले समजत नही का वं? भाजस तं सांगता येत नही का? बठ्ठी जागे तुले फुशारकीच मारनी पडस!"

अक्का एकदम बारीक झाल्या. "मनीच चुकी शे," म्हणाल्या. "बाईले काही बोलू नका."

सरांनी फाईल मागवली. तक्ता उघडला, "संवेदना: नॉर्मल" आणि खाली माझी वळणदार सही. त्यांनी ती ओळ मुलाला दाखवली, समजावून सांगितलं की तपासणीत जाणीव बरोबर होती, पुढे पेशंटनं सांगितलं नाही तर कळणार कसं. मुलानं मान डोलावली. तो गेल्यावर सर मला म्हणाले, "नशीब, तुम्ही लिहून ठेवलं होतं. पण इथून पुढे टॉवेलच्या घड्या कमी करायच्या नाहीत." बस, एवढंच. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले असते तर मी बहुतेक खरं सांगून टाकलं असतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. ते खोटं आहे. मी सुटले म्हणून मला हायसं वाटलं होतं. त्या दिवशी मी जेवलेही पोटभर.

जखम भरली नाही. शुगर वाढलेली, तळव्याला रक्ताचा पुरवठा आधीच बेताचा. आधी ड्रेसिंग, मग सुया, मग एका मोठ्या दवाखान्यात भरती. पाऊल जातंय की राहतंय, असे पंधरा दिवस गेले. मी मुलाला फोन करून चौकशी करायची आणि तो बिचारा मलाच "ताई, तुम्ही इतकी काळजी करता" म्हणायचा. शेवटी पाऊल वाचलं. करंगळी काढावी लागली.

त्यानंतर मी नळ्या धुतल्या. कापूस, टोचणी, स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा केसासारखा धागा, सगळं ट्रेमध्ये मांडलं. येईल त्याचे डोळे मिटायला लावून तपासायला लागले. गर्दी तुंबू लागली, बाहेरची माणसं कुरकुर करू लागली. सर एकदा म्हणाले, "हळू झालात हो." मी फार बदलले, असं कुणाला वाटायला नको. चूक झाकून ठेवून सुधारणारा माणूस म्हणजे घरात घाण तशीच ठेवून अंगणात सडा घालणारा.

अक्का पुन्हा आल्या त्या जानेवारीत. या वेळी खांदा धरला होता. बरोबर सून होती, ती बाहेर बाकावर बसली. पायात शुगरवाल्यांची मऊ चप्पल, करंगळीच्या जागी मोकळं. मला बघून त्या इतक्या मनापासून हसल्या की मला मान खाली घालावी लागली. खांद्याचंच काम होतं, तरी मी म्हणाले, "अक्का, आधी पाय बघू."

त्यांनी पाय माझ्या मांडीवर ठेवला, डोळे मिटायला सांगितल्यावर पदर डोळ्यांवर ओढून घेतला. मी नायलॉनचा धागा अंगठ्याला टेकवला. "लागनं," त्या म्हणाल्या. चवड्याला. "लागनं." टाचेला. "लागनं." मला आनंद झाला, मग शंका आली. शुगरनं गेलेली जाणीव अशी परत येत नाही. मी हात मागे घेतला आणि धागा नुसता हवेत धरून बसले.

"लागनं," अक्का म्हणाल्या.

मी आणखी थांबले.

"लागनं."

"अक्का," मी म्हणाले, "मी हातच लावला नाही."

त्यांनी पदर काढला. पकडली गेलेली पोर हसते तशा हसल्या. "मंग काय सांगू बाई? मांगे मनामुये तुमले साहेबना पुढे उभं ऱ्हानं पडं. तुम्ही लिखी ल्या, बठ्ठं बराबर शे म्हनून."

ही बाई मला वाचवायला आली होती. करंगळी गमावलेली बाई, डोळे झाकून, माझा रकाना भरून देत होती. माझ्यानं राहवलं नाही. मी सांगून टाकलं. तेव्हा मी पाय तपासलाच नव्हता, न तपासता लिहिलं होतं. तपासला असता तर शेक दिलाच नसता. तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं, चूक तुमची नव्हती. मी रडत होते आणि रडताना बरं वाटत होतं, याचीही मला लाज वाटत होती.

मला वाटलं, त्या नेहमीसारखं म्हणतील, जाऊ द्या बाई. पण त्यांनी पाय माझ्या मांडीवरून काढून घेतला आणि लुगड्याखाली ओढला.

"मंग आठ महिना," त्या म्हणाल्या, "मी घरमा बठ्ठासनं बोलनं का बरं ऐकं? पोऱ्या बोलस. सून बोलस. पाव्हना उना की त्यासले सांगतस, म्हतारीनी फुशारकीमा पाय भाजी लिधा." मग हळूच म्हणाल्या, "सून बाहेर बठेल शे. तिले बलावू का? तुम्ही तिले हाई सांगा."

पडद्यापलीकडे बाकावर माणसं होती. सरांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "सांगते अक्का. थोडी गर्दी कमी होऊ द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पुसलेल्या पाटीकडे पाहावं तसं. मग चप्पल पायात सरकवली, एका हातानं पलंग धरून उठल्या आणि पडदा सारून बाहेर गेल्या. खांदा तसाच राहिला.

"काय म्हनी बाई?" सुनेनं विचारलेलं मला आत ऐकू आलं.

"काय म्हनी? तू म्हनस तेच म्हनी," अक्का म्हणाल्या. "चाल, बस निंघी जाई."

मी पडद्याच्या आत उभी होते. बाहेर गेले नाही.